बंदी आली की नवं नाव

परवा आत्याचा फोन आला होता. बोलता बोलता 'मराठवाडा'चा विषय निघाला. प्रदेशाचा नव्हे, पेपरचा. आजोबांच्या ट्रंकेत त्याचे जुने अंक होते, ते वाळवीनं खाल्ले म्हणून ती हळहळत होती. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे, म्हणून ही पोस्ट.

आपल्या नांदेड-लातूरकडे समुद्र कुठला! पण निजामाच्या काळात मराठवाडा म्हणजे एक बेटच होतं. हैदराबाद संस्थानाच्या १६ जिल्ह्यांपैकी मराठी फक्त पाच. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. सरकारी कामकाज उर्दूत, उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणही उर्दूत. सभा घ्यायची तरी आधी परवानगी काढा.

अशा वेळी आ. कृ. वाघमारे यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस 'मराठवाडा' हे साप्ताहिक काढलं. संस्थानात बसून असं लिहिणं शक्यच नव्हतं, म्हणून अंक निघायचा हद्दीबाहेरून. निजाम सरकारनं बंदी घातली की तेच साप्ताहिक नवं नाव घेऊन हजर! पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव. आजोबा सांगायचे, "नाव बघून नाही रे, भाषा बघून ओळखायचो आम्ही."

गंमत वाटते ऐकताना, पण तो काळ गमतीचा नव्हता. २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू पत्राचे संपादक शोएबउल्ला खान यांचा खून झाला. गुन्हा एवढाच, की संस्थान भारतात यावं असं त्यांनी लिहिलं. म्हणजे उर्दू विरुद्ध मराठी असा तो सरळ झगडा नव्हताच. पुढच्या महिन्यात, १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झालं.

पुढे पेपर औरंगाबादला आला, अनंतराव भालेराव संपादक झाले, १९६८ साली त्याचं दैनिक झालं. आणीबाणीत अनंतराव तुरुंगात गेले. आमच्या घरी त्यांचा अग्रलेख मोठ्यानं वाचला जायचा.

आणि मग १९७८. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलैला विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. आपल्या नांदेड जिल्ह्यात, परभणीत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. या पेपरनं आणि अनंतरावांनी नामांतराला विरोधच केला होता. आमच्या घरात तेव्हा दोन तट पडले. आजोबा पेपरच्या बाजूनं, बाबा विरुद्ध. त्यानंतर कित्येक दिवस सकाळचं ते मोठ्यानं वाचणं बंद होतं. आत्यानं हे परवा पहिल्यांदाच सांगितलं.

मला प्रश्न पडतो तो हा. बंदी आली की एका रात्रीत नाव बदलणाऱ्या पेपरला विद्यापीठाचं नाव बदलणं एवढं जड का जावं? आजोबांकडेही याचं उत्तर नसावं. अस्मिता म्हणायचे ते. पण बेटावरच्या माणसांची अस्मिता सांगताना त्याच बेटावर वेशीबाहेर राहणाऱ्यांचं काय, हे विचारायचं राहून गेलं. १९९४ साली नामविस्तार झाला. पेपरही पुढे बंद पडला.

तरी त्या अंकांबद्दल मला आदरच वाटतो. आपल्या माणसांना वाचा देणारा पेपर होता तो. 'आपली माणसं' कोण, एवढंच पुन्हा तपासायला हवं होतं.

असो. कुणाच्या माळ्यावर जुने अंक असतील तर कळवा. वाळवीच्या आधी पोचू.