ढेकूण, डीडीटी आणि बाळापूरची बाज

संस्कृतात एक जुनं सुभाषित आहे. लक्ष्मी कमळात झोपते, शंकर हिमालयावर आणि विष्णू थेट क्षीरसागरात. का? तर कवी म्हणतो, मला वाटतं ढेकणांच्या भीतीने! म्हणजे बघा, देवांनाही घर बदलायला लावणारा हा प्राणी आहे, तिथे वन बीएचकेवाल्यांची काय कथा. तुकोबांच्या एका अभंगातही कुसंगतीचा दाखला म्हणून ढेकूण येतो, आणि तोही हिऱ्याच्या जोडीने.

तर मंडळी, या वीकेंडचा विषय ढेकूण. हसू नका. पेइंग गेस्ट, हॉस्टेल आणि शेअरिंग फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला हा विषय कधी ना कधी चावतोच. फक्त कोणी बोलत नाही. कारण डास चावला तर नशीब फुटकं, पण ढेकूण चावला तर माणूस घाणेरडा, असं आपण ठरवून टाकलेलं आहे. हे कितपत खरं आहे ते बघायला थोडं मागे जाऊ.

चुकीचा आरोपी

पंचतंत्रात एक गोष्ट आहे. राजाच्या पलंगावरच्या चादरीत मंदविसर्पिणी नावाची एक ऊ राहत असते. राजा गाढ झोपला की हळूच रक्त प्यायचं, असा तिचा शिस्तीचा कारभार. एक दिवस अग्निमुख नावाचा ढेकूण तिथे येतो आणि मलाही राजाचं रक्त चाखू दे म्हणून गळ घालतो. ती बजावते, राजा झोपेपर्यंत थांब. पण याला कुठला दम? राजा जागा असतानाच हा चावतो. राजा ताडकन उठतो, नोकर दिवे घेऊन शोधायला लागतात. ढेकूण पलंगाच्या फटीत पसार. सापडते ती बिचारी ऊ, आणि मारली जाते.

गोष्टीचं तात्पर्य असं की अनोळखी माणसाला थारा देऊ नये. पण मला त्यात दुसरंच काही दिसतं. हे गोष्ट रचणाऱ्याने ढेकूण नीट बघितलेला होता. तो अंगावर राहत नाही. चावतो आणि लाकडाच्या सांध्यात जाऊन बसतो. राजाच्या नोकरांनी कापड तपासलं, सांधा तपासला नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर चुकीची प्रोसेस किल केली आणि बग प्रॉडक्शनमध्ये तसाच राहिला :)

याची उलटी गोष्ट आपल्याच देशात घडली. काळा आजार (काला-आजार) कशाने पसरतो याचा शोध चालू होता तेव्हा संशय ढेकणावर होता. मद्रासमध्ये कॅप्टन पॅटन या लष्करी डॉक्टरने १९०७ च्या सुमारास त्यावर बरेच प्रयोग केले. पुढे कितीतरी वर्षं हा संशय रेंगाळला. शेवटी १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी सिद्ध केलं की खरा गुन्हेगार वाळूमाशी. ढेकूण निर्दोष सुटला. आजही ढेकणामुळे एखादा रोग पसरतो असं सिद्ध झालेलं नाही. खाज, ॲलर्जी आणि उडालेली झोप एवढं तो देतो, आणि तेवढं पुरे आहे.

बाळापूर आणि डीडीटी

माझं गाव आखाडा बाळापूर. कळमनुरी तालुका, हिंगोली-नांदेड रस्त्यावर. आज हिंगोली जिल्हा, पण १ मे १९९९ पर्यंत परभणी, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. जुनी घरं माळवदाची. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर माती. उन्हाळ्यात थंडगार. पण ढेकणाच्या नजरेने बघा, नुसत्या फटीच फटी! शिवाय झोपायला लाकडी बाज, सुतळीने विणलेली. प्रत्येक पिळात आणि खुराच्या प्रत्येक भोकात एकेक कुटुंब.

डीडीटीचे कीटकनाशक गुण पॉल म्युलरने १९३९ साली शोधले आणि १९४८ साली त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मुंबई इलाख्यात डॉ. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली १९४६ पासूनच धारवाड आणि कारवारकडच्या खेड्यांत घरोघर फवारणी सुरू झाली होती. राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम आला तो १९५३ साली. आजी सांगायची, डीडीटीवाले यायचे तेव्हा गाडगीमडकी, अंथरूण, धान्य, सगळं अंगणात काढावं लागायचं. ते भिंती पांढऱ्या करून, दारावर तारीख टाकून जायचे. सुरुवातीला डास मेले, माश्या मेल्या, ढेकूणही मेले. गाव खूश.

इथे एक गंमत आहे. सरकारला मारायचे होते डास, पण घरातल्या बाईला रोज दिसायचे ढेकूण. मलेरिया कमी झाला हे आकड्यांत कळतं. ७.५ कोटी रुग्णांवरून १९६५ पर्यंत देश साधारण एक लाखावर आला, ही काही छोटी गोष्ट नाही. पण फवारणीचा उपयोग घरोघरी ठरायचा तो बाजेवरून. आणि बाजेवरचे ढेकूण काही वर्षांत मरेनासे झाले. उलट औषधाने चवताळून जास्तच हिंडायला लागले. मग भारतात आणि इतर देशांतही अनेक ठिकाणी लोक म्हणायला लागले, तुमचं औषध नको, त्याने ढेकणं वाढतेत. सरकारी भाषेत हा अडाणीपणा. खरं तर लोकांचं निरीक्षण चोख होतं.

१९४७

सॉफ्टवेअरवाल्यांना १९४७ हे साल दुसऱ्या एका कारणाने माहीत असतं. त्या वर्षी ९ सप्टेंबरला हार्वर्डच्या मार्क-टू कॉम्प्युटरच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला आणि तो वहीत चिकटवून ठेवला गेला. हा शब्द त्याआधीही एडिसनच्या काळापासून वापरात होता, पण गोष्ट झकास आहे. हा कॉम्प्युटर अमेरिकन नौदलासाठी बनला होता. आणि योगायोग असा की त्याच वर्षी, त्याच नौदलाच्या पर्ल हार्बरमधल्या बराकींत डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले. म्हणजे डीडीटीला नोबेल मिळायच्या एक वर्ष आधीच!

कसं होतं हे? फवारणीत हजारातले नऊशे नव्याण्णव मरतात. उरलेल्या एकाच्या शरीरात जन्मतःच थोडा फरक असतो. पुढची पिढी त्याची. डीडीटी कीटकाच्या मज्जातंतूतल्या सोडियमच्या दारावर काम करतं. दाराची घडणच बदलली की विष लागू पडत नाही. आता खरी मेख. आज दुकानात मिळणारे बहुतेक घरगुती स्प्रे पायरेथ्रॉइड गटाचे असतात, आणि तेही त्याच दारावर काम करतात. म्हणजे आजोबांच्या काळात डीडीटीला सरावलेला ढेकूण नातवाच्या स्प्रेलाही बराचसा सरावलेला. बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात ती हीच.

मधल्या काळात टिक-ट्वेंटी आलं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं हे विष ढेकणाइतकंच माणसालाही घातक होतं. त्या बाटलीने किती घरांत काय केलं हे जुन्या लोकांना विचारा. नंतर पेस्ट कंट्रोलवाल्यांचं लाडकं डायक्लोरव्हॉस आलं. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून आपल्याकडे बंदी आहे. थोडक्यात, गेली सत्तर-ऐंशी वर्षं आपण दर पिढीला नवी बाटली शोधतोय आणि ढेकूण तिला पुरून उरतोय.

आमचा फ्लॅट

२००९ साली मी पुण्यात नोकरीला लागलो. आधीच राहणाऱ्या तिघांच्या फ्लॅटमध्ये मी चौथा. दोन महिन्यांत ढेकूण निघाले आणि लगेच निकालही लागला. ढेकूण बाळापूरहून आले! कारण मी नवा, मी ट्रॅव्हल्सने येणारा, माझी वळकटी घरून आणलेली. घरमालकांनी तर "गावाकडच्या पोरांना ठेवलं की हेच होतं" असं तोंडावर ऐकवलं. माझी गादी गच्चीवर गेली आणि मी महिनाभर फरशीवर.

आजी फोनवर म्हणाली, "गादी कायला बघतूस लेका, खाटंचे सांधे उकल." मग एका रविवारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मालकांचा प्लायवूडचा डबल बेड सुटा केला. डोक्याकडच्या फळीमागे शाईचे ठिपके पडावेत तसे काळे डाग, थरावर थर. वाळलेल्या कातींचा चुरा, मोकळी टरफलं, खिळ्यांच्या भोकांत पांढरी अंडी. हे दोन महिन्यांचं काम नव्हतं. साधा हिशोब आहे. अंडं फुटायला आठवडा-दहा दिवस, मग पाच वेळा कात, आणि प्रत्येक कातीआधी एकदा रक्त. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायलाच साधारण दीड महिना लागतो. एवढे थर साचायला वर्षं लागतात. रूममेट्सना ते पटलं. मालकांना नाही पटलं, डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. असो. पण अग्निमुख कुठे दडतो हे मला तेव्हा पक्कं कळलं.

मग करायचं काय

आजीची पद्धत दर मे महिन्यात ठरलेली. बाज उन्हात, सुतळी सैल, हंडाभर उकळतं पाणी प्रत्येक सांध्यावर, मग बाज जमिनीवर दणादण आपटायची. खाली पडलेलं कोंबड्या टिपायच्या. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा तेच. हे पंधरा दिवस तिने पुस्तकात वाचले नव्हते, पण अंड्यांच्या हिशोबाशी ते बरोबर जुळतात. उष्णतेला सरावलेला ढेकूण अजून तरी निघालेला नाही.

फ्लॅटवाल्यांसाठी तेच, जरा बदलून:

ओळख: नुसत्या गांधींवरून ठरवू नका. डास, पिसवा चावल्यावरही तसंच दिसतं, आणि काहींच्या अंगावर ढेकूण चावून काहीच उमटत नाही. टॉर्च घेऊन गादीची शिवण, बेडचे सांधे, स्क्रूची भोकं, डोक्याकडच्या फळीची मागची बाजू बघा. काळे डाग, काती, अंडी किंवा सफरचंदाच्या बीएवढा चपटा तपकिरी किडा सापडला तरच ढेकूण.

उपाय: चादरी, कपडे गरम पाण्यात धुवा, जमलं तर ड्रायरमध्ये फिरवा. पन्नास अंशांच्या आसपास तास-दीड तास टिकलं तर अंडीसुद्धा मरतात. गादी नुसती उन्हात टाकून उपयोग नाही, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. उलटसुलट करा, झटका. बेड सुटा करून सांध्यांत उकळतं पाणी किंवा वाफ द्या (प्लायवूड फुगतं, तिथे वाफच बरी). व्हॅक्यूम केलंत तर पिशवी बांधून लगेच घराबाहेर. फटी बुजवा. दोन आठवड्यांनी सगळं परत. पसारा फार असेल तर परवानाधारक माणूस बोलवा, आणि कोणतं औषध, किती वेळ घराबाहेर राहायचं हे विचारा.

करू नका: धान्यात ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही नाही. ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू निघतो, आणि तो शेजारच्या फ्लॅटमध्येही जीव घेऊ शकतो. डायक्लोरव्हॉस कोणी आणून दिलं तर परत पाठवा.

खबरदारी: जुनं फर्निचर घेताना आधी सांधे तपासा. प्रवासातली बॅग बेडवर ठेवू नका. परदेशी साइटवर बेडच्या पायाखाली ठेवायच्या गुळगुळीत वाट्या मिळतात, त्यांच्यावर फार विसंबू नका. आपल्याकडचा उष्ण प्रदेशातला ढेकूण तिकडच्या भावापेक्षा गुळगुळीत कडा जास्त सहज चढतो, असं २०१७ साली एका अभ्यासात दिसलं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लपवू नका. एका खोलीत निघाले तर त्याच दिवशी शेजाऱ्यांना सांगा. ढेकणाला तुमचं गाव, जात, पगार काही कळत नाही. त्याला ऊब, श्वास आणि फट कळते. लाजेपोटी गप्प बसलेलं प्रत्येक घर म्हणजे त्याच्यासाठी आणखी एक फट.