कर्डक, वामनदादा

(१५ ऑगस्ट १९२२ – १५ मे २००४). आंबेडकरी चळवळीतील लोककवी व गायक. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्याच्या देशवंडी या गावी जन्म. उदरनिर्वाहार्थ मुंबईस येऊन त्यांनी गिरणीत व अन्यत्र पडेल ते काम केले. शाळेचा लाभ न झाल्यामुळे अक्षरओळख प्रौढपणी चाळीत करून घेतली आणि रस्त्यावरील पाट्या वाचीत ती पक्की केली. ३ मे १९४३ रोजी एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन त्यांनी रचले, ती त्यांची पहिली रचना. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दर्शन घडले आणि पुढील सारी हयात वामनदादांची वाणी आंबेडकरांच्या कार्याच्या चाकरीस लागली.

त्यांना लाभलेला जलशाचा, म्हणजे प्रबोधनपर गीत-नाट्यप्रयोगाचा, वारसाही बव्हंशी नाशिक जिल्ह्याचाच. काळाराम मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाने (२ मार्च १९३० पासून) नाशिक ढवळून निघत असता, १९३१ च्या सुमारास भीमराव कर्डक यांनी – आडनावाच्या साम्यामुळे वामनदादांशी त्यांची गल्लत अनेकदा होते – नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा केला. सत्यशोधक समाजाच्या जलशाच्या धर्तीवरील या प्रयोगात तमाशाची ढोलकी, तुणतुणे व बतावणी राहिली. परंतु गण-गौळणीचा बाज पालटून शिक्षण, मद्यपान, अस्पृश्यता असा मजकूर त्यात आला. १९५६ मध्ये आंबेडकरांनी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर जलशाचे नाट्यांग क्षीण होत गेले आणि केवळ गाणी सादर करणारी ‘गायन पार्टी’ पुढे आली. वामनदादांची कीर्ती पसरली ती या दुसऱ्या कालखंडात.

लोकांच्या ओठांवरील चाल उचलून तीत नवा आशय भरणे ही त्यांची मुख्य रीत होती. अमेरिकेत जो हिल या कामगारगीतकाराने प्रार्थनागीतांच्या परिचित चालींवर संपकऱ्यांची गाणी बसविली, त्यामागील कारण येथेही लागू पडते : चाल ठाऊक असलेल्या श्रोत्याचे सारे लक्ष शब्दांकडे राहते. यास उसनवारी म्हणून हिणविणाऱ्यांनी सभेसाठी रचलेल्या गीताचे प्रयोजनच ध्यानी घेतले नाही. शिवाय त्यांची गीते केवळ स्तुतिपर नाहीत; धनिकांच्या संपत्तीचा हिशेब मागणारी आणि गटबाजीत विखुरलेल्या स्वकीय पुढाऱ्यांना धारेवर धरणारी रचना हीच त्यांची खरी मिळकत होय.

‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६) व ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) हे त्यांचे गीतसंग्रह आणि ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मचरित्र. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटासाठीही त्यांनी गीतलेखन केले. प्रल्हाद शिंदे प्रभृती गायकांच्या कंठातून, ध्वनिमुद्रिकांतून व पुढे मुंबईतील चैत्यभूमी या आंबेडकरांच्या स्मारकाजवळील फुटपाथांवर विकल्या जाणाऱ्या कॅसेटींतून ही गाणी गावोगाव पोहोचली. ग्रंथरूपाने त्यांचा जितका प्रसार झाला, त्याहून या मार्गांनी झालेला प्रसार किती तरी अधिक होता.

वर्धा येथे १९९३ साली भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. नाशिक येथे त्यांचे निधन झाले.