शांघायच्या एका विद्यालयाची शेवटची परीक्षा

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून एखादा संशोधनपर प्रबंध लिहून घेण्याची चाल आतां अनेक विद्यापीठांत रूढ आहे. ग्रंथालयांत बसून, दहा-पांच पुस्तकें चाळून तो बहुधा सिद्ध होतो. शांघाय येथील 'तोआ दोबुन शोइन' या जपानी विद्यालयांत मात्र प्रबंधासाठीं पायपीट करावी लागे. आणि तीहि महिनेच्या महिने, चीनच्या अंतर्भागांत.

जपान व चीन यांची लिपी मुळांत एक, म्हणून संस्कृतीहि एक, या विचारानें राजपुत्र कोनोए आत्सुमारो यांनीं १८९८ सालीं 'तोआ दोबुनकाइ' ही संस्था स्थापन केली. तिनें १९०० सालीं नानकिंग येथें विद्यालय काढलें. त्याच वर्षीं बॉक्सरांचा उठाव झाल्यामुळें तें शांघायला हलविण्यांत आलें व १९०१ पासून तेथें नव्या नांवानें सुरू झालें. पहिले मुख्याध्यापक नेझु हाजिमे हे पूर्वीं सैन्यांत अधिकारी होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जपानच्या निरनिराळ्या प्रांतांतून निवडलेले तरुण शिष्यवृत्ति घेऊन येत आणि तीन वर्षें चिनी भाषा व व्यापारशास्त्र शिकत.

१९०५ सालीं जपानी परराष्ट्रखात्याला मध्य आशियाच्या सीमेवरील रशियाच्या हालचालींची माहिती हवी होती. त्या कामीं विद्यालयाचे पांच नवे पदवीधर मंगोलिया व सिंक्यांगकडे रवाना झाले. हायाशिदे केंजिरो हा त्यांपैकीं एक तरुण थेट इलीपर्यंत गेला. ते सुखरूप परतल्यावर खात्यानें विद्यालयाला ३०,००० येनांचें अनुदान दिलें, व त्या पैशावर १९०७ पासून अखेरच्या वर्गासाठीं संशोधनयात्रा सुरू झाली. विद्यार्थी तिला 'महायात्रा' म्हणत.

दोन-चार जणांची एकेक तुकडी, ठरलेला मार्ग आणि ठरलेला विषय. चिनी सरकारचा परवाना जवळ बाळगून ही मुलें नदींतल्या नावेनें, खेचरावरून व पुष्कळदां पायींच सेचवान, युनान यांसारख्या दूरच्या प्रांतांत जात. वाटेंत हिंवताप गांठी, दरोडेखोरांचें भय असे. अशा एकूण सुमारें ७०० मार्गांवर हे विद्यार्थी हिंडले.

त्यांनीं काय टिपलें? त्या काळीं चीनमध्यें चांदी तोलण्याचें जें 'ताएल' नांवाचें वजन होतें, तें शहराशहराला निराळें असे. एका बाजारांतील ताएल दुसऱ्या बाजारांत उणा भरे. मापांची गतहि तीच. कोणता जिन्नस कोणत्या श्रेणीच्या हातीं आहे, हुंडी कोठें वटते, भाडें किती, दलाली किती, हें सारें विद्यार्थी दुकानदाराशीं त्याच्याच भाषेंत बोलून वहींत उतरवी. या टिपणांतून १९१७ ते १९२० या काळांत प्रांतवार वर्णनाचे अठरा खंड निघाले. आपल्या मुंबई इलाख्याचीं गॅझेटियरें अनुभवी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीं तयार झालीं. येथें तेंच काम विशी-बाविशीच्या पोरांनीं केलें, हें नवल खरेंच.

परंतु या प्रबंधांच्या प्रती कोणाकडे जात, हेंहि पाहिलें पाहिजे. एक विद्यालयांत राही. इतर प्रती परराष्ट्रखात्याकडे, व्यापारखात्याकडे आणि सैन्याच्या मुख्य कचेरींत पोंचत. नदीच्या उताराची रुंदी व्यापाऱ्याला मालवाहतुकीसाठीं हवी असते, तशीच ती सेनापतीलाहि हवी असते. म्हणून या मुलांना निखालस हेर म्हणणारे एका टोंकाला जातात; पण त्यांना निव्वळ ज्ञानोपासक ठरविणारेहि दुसऱ्या टोंकाला जातात. बहुतेकांना आपल्या वहीचा पुढें काय उपयोग होणार, याची पुरती कल्पना नसावी. शाळेच्या चालकांना मात्र ती होती.

सर्वच विद्यार्थी मुकाट्यानें चालले असेंहि नाहीं. १९३० सालीं युद्धविरोधी पत्रकें वांटल्याबद्दल कांहीं जणांना अटक झाली. पुढच्याच वर्षीं चीनचे थोर लेखक लू शुन यांचें येथें व्याख्यान झालें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत जपानी सैन्यानें मांचुरिया घेतला आणि चिनी सरकारनें यात्रेचे परवाने नाकारले. १९३७ च्या युद्धांत शेवटच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना सैन्याबरोबर दुभाषे म्हणून धाडण्यांत आलें. भाषेचा अभ्यास जिच्यासाठीं केला ती मैत्री दूरच राहिली. त्या वर्षींच विद्यालयाची इमारत जळाली, व त्याचा संसार च्याओतुंग विद्यापीठाच्या जागेंत गेला. १९३९ सालीं त्यास विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९४५ सालीं जपानच्या पराभवाबरोबर तें बंद पडलें.

त्या वेळीं अध्यापकांनीं कित्येक वर्षें खपून जमविलेलीं चिनी-जपानी शब्दकोशाचीं सुमारें एक लाख चाळीस हजार टिपणें चिनी सरकारनें ताब्यांत घेतलीं. परतलेल्या अध्यापकांनीं १९४६ सालीं जपानांत तोयोहाशी येथें आइची विद्यापीठ काढलें. १९५४ सालीं चीननें तीं टिपणें परत केलीं आणि १९६८ सालीं कोश छापून निघाला. यात्रांचे कित्येक हस्तलिखित प्रबंध बीजिंगच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. शंभर वर्षांपूर्वीं एखाद्या आडगांवीं मिठाचा भाव काय होता, हें शोधणारे चिनी अभ्यासक आज तीं पानें उलटतात.