नाण्याला हात लावण्यापूर्वी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या देव्हाऱ्यात एक शिवराई होती. दिवाळीच्या आधी देवाची उपकरणी घासायला निघाली की तीही चिंचेच्या कोळात पडे. शाळेत असताना एकदा हे काम माझ्याकडे आले आणि मी ती राखेने घासून लखलखीत केली. घरात कौतुक झाले. पुढे नाण्यांची गोडी लागल्यावर तिला भिंग लावले. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरे असायला हवीत. ‘छत्र’च्या जागी नुसते ओरखडे होते.

नाण्याचा इतिहास त्याच्या पृष्ठभागावर असतो, केसाएवढ्या जाडीच्या थरात. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासली, तेव्हा त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसराच ठसा आढळला. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाची नाणी न वितळवता त्यांवर आपली चैत्याची आणि उज्जयिनी चिन्हाची मुद्रा मारली होती. खालून नहपानाचा चेहरा, कुठे एखादे ग्रीक अक्षर डोकावते. गौतमीपुत्राने क्षहरातांचे कुळ निखंदून काढले, असे नाशिकच्या लेण्यातला त्याच्या आईचा लेख सांगतो; या नाण्यांनी त्याला साक्ष दिली. आता कल्पना करा, ती कुणी सराफाकडे नेऊन तेजाबात उजळून घेतली असती तर? वरचा ठसा कदाचित राहिला असता, खालची पुसट अक्षरे मात्र गेली असती.

म्हणूनच नाणेसंग्राहकाची हत्यारे फार साधी असतात आणि बहुतेक सगळी नाण्याला कमीत कमी स्पर्श व्हावा यासाठीच असतात. टेबलावर मऊ कापडाची घडी हवी, म्हणजे नाणे निसटले तरी ठेच लागत नाही. नाणे अंगठा आणि तर्जनीने कडेला धरायचे. बोटांच्या घामात मीठ असते, तांब्यावर त्याचा ठसा कायमचा उमटतो. सुती हातमोजे चालतात, पण त्यातून नाणे निसटते. घट्ट बसणारे रबरी धाटणीचे नायट्राइलचे मोजे बरे. व्यास मोजायचा तर पितळी किंवा प्लॅस्टिकचा कॅलिपर, पोलादी नको. दहापट दाखवणारे भिंग आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा असला की बरेचसे काम भागते.

खरा घात होतो तो ठेवण्यात. पीव्हीसीचे मऊ, वास येणारे अल्बम बाजारात स्वस्त मिळतात. वर्षे गेली की त्या प्लॅस्टिकमधून आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवट, चिकट थर चढतो. पॉलिएस्टरची पाकिटे किंवा आम्लरहित कागद वापरावा. चांदीच्या नाण्यांना रबरबँड तर मुळीच लावू नये, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. तांब्यावरचा घट्ट, गडद थर हा मळ नव्हे, तो त्याचे कवच आहे. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर ते नाणे इतरांपासून वेगळे करून जाणकाराला दाखवावे. हा क्लोराइडचा रोग आहे आणि दमट हवेत तो वाढत जातो. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवण्याचे कारण हेच, आणि कोकणात तर ती हवीच.

मातीतून निघालेला नाण्यांचा गोळा फोडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. कोणते नाणे कोणाला चिकटून होते, यालाही अर्थ असतो.

आमची शिवराई आता कागदी पाकिटात आहे. ‘पति’ तेवढे अजून वाचता येते.