तळणी ते हानले : दुर्बिणींचे शीतप्रदेशाकडे प्रयाण

दुर्बिणींचा इतिहास बहुधा आरशांच्या वाढत्या व्यासाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु दुर्बीण कोठे उभी करावयाची, हे कोणी व कशाच्या आधारे ठरविले, हा त्या इतिहासाचा तितकाच महत्त्वाचा भाग होय. महाराष्ट्राच्या भूमीवरील दोन प्रसंग आणि पुण्याची एक दुर्बीण यांच्या आधारे या स्थलनिर्णयाचा मागोवा घेता येतो. त्याचे एक टोक वऱ्हाडात आहे, तर दुसरे हिमप्रदेशात.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून देशात शिरली आणि वऱ्हाड ओलांडून ईशान्येकडे गेली. धामणगाव व पुलगाव यांच्या दरम्यानच्या तळणी या लहान रेल्वे स्थानकाजवळ ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या एका तुकडीने तळ दिला होता. वॉल्टर माँडर, अ‍ॅनी माँडर आणि जॉन एव्हर्शेड हे तीत होते. अ‍ॅनी माँडर यांनी लहानशा कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा फार दूरवर पसरलेला झोत टिपला. एव्हर्शेड यांना वर्णगोलाच्या वर्णपटात हायड्रोजनच्या बामर मालिकेपलीकडील अतिनील अखंड पट्टा मिळाला. येथे जागा छायेने ठरविली आणि लोहमार्गाने ती सुगम केली. वेधाचे काम दोन मिनिटांच्या आसपास आटोपले.

त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला हेच ग्रहण पाहत होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा ही त्यांच्याच खटपटीची निष्पत्ती. भावनगर संस्थानच्या अधिपतींनी द्रव्यसाहाय्य दिले, म्हणून त्यांचे नाव वेधशाळेस मिळाले. तेथील, डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून आलेली, २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. ही वेधशाळा पुण्यात झाली ती पुण्याची हवा पारखून नव्हे; प्राध्यापक आणि महाविद्यालय तेथे होते म्हणून. १९१२ मध्ये नायगामवाला निवृत्त होताच वेधशाळा बंद करण्यात आली आणि तिची उपकरणे कोडाईकनाल येथे रवाना झाली. तेथे संचालकपदी होते तेच तळणीचे एव्हर्शेड.

कोडाईकनाल सुमारे २३०० मीटर उंचीवर आहे. जागेची निवड हवेच्या परीक्षेवर सोपविण्याची दृष्टी एव्हर्शेड यांच्यापाशी होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी काश्मीरच्या खोऱ्यात सूर्यबिंबाची स्थिरता तपासून पाहिली. पुढे १९८० नंतरच्या दशकात भारतीय खभौतिकी संस्थेने (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्सने) लडाखमधील आकाशाची पारख करावयास घेतली, तेव्हा पुण्याची ती जुनी 'भावनगर दुर्बीण'च लेह येथे नेण्यात आली. एका विद्यालयासाठी घेतलेले यंत्र अशा रीतीने जागा शोधण्याचे साधन बनले.

शीतप्रदेशाचा हा शोध कशासाठी, हे समजण्यास अवरक्त किरणांचा स्वभाव लक्षात घेतला पाहिजे. हवेतील पाण्याची वाफ हे किरण शोषून घेते. अतिथंड हवेत वाफ फार थोडी मावते. शिवाय प्रत्येक उबदार वस्तू स्वतःच अवरक्त किरण टाकीत असते. साध्या तापमानातील दुर्बीण म्हणजे दिवसाढवळ्या तारे शोधणाऱ्या डोळ्यासारखी, आपल्याच उजेडाने दिपलेली. तापमान उणे ६० अंशांपर्यंत उतरले, तर २.४ मायक्रोमीटरच्या आसपास हा उजेड शेकडो पटींनी घटतो.

या कसोटीस भारतात लडाखमधील हानले उतरले. सुमारे ४५०० मीटर उंचीवरील तेथील २ मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीने सप्टेंबर २००० मध्ये पहिला प्रकाश घेतला आणि ऑगस्ट २००१ मध्ये तिचे उद्घाटन झाले. तिचे नियंत्रण बंगळूरजवळील होसकोटे येथून उपग्रहामार्फत होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडविलेला अवरक्त वर्णपटमापक २०१३ मध्ये तिला जोडण्यात आला. २०१८ मध्ये आयआयटी मुंबईच्या सहभागाने तेथे ०.७ मीटरची स्वयंचलित दुर्बीणही सुरू झाली.

हाच तर्क पुढे नेला असता अंटार्क्टिकाचे पठार येते. दक्षिण ध्रुवावर १९९४ ते १९९९ या काळात ६० सेंटिमीटरची स्पायरेक्स ही अवरक्त दुर्बीण चालली. जुलै १९९४ मध्ये गुरूवर आदळणाऱ्या धूमकेतूच्या खंडांचे वेध तिने घेतले. ध्रुवावर भूपृष्ठालगतचा खळबळीचा थर शेकडो मीटर जाडीचा असतो. पठाराच्या माथ्यावर, डोम सी येथे, तो सुमारे ३० मीटर, तर डोम ए येथे १४ मीटरच्या आसपास आढळला. त्यावर उभ्या केलेल्या मनोऱ्यातून प्रतिमा विलक्षण स्थिर दिसते. तरी ऑस्ट्रेलियाची २.५ मीटर दुर्बिणीची 'पायलट' योजना कागदावरच राहिली. वंगण गोठते, तारांचे वेष्टन तडकते, आरशावर हिमकण साचतात, निरनिराळे धातू निरनिराळ्या प्रमाणात आकसतात. आणि हिवाळ्याचे कित्येक महिने दुरुस्तीस कोणी पोहोचू शकत नाही.

म्हणूनच शीतप्रदेशातील वेधशाळेस आरशाहून अधिक कशाची निकड असेल, तर ती अखंड संस्थेची. पुण्याची वेधशाळा एका निष्ठावंत पुरुषाने उभारली आणि त्याच्या निवृत्तीबरोबर ती संपली. दुर्बीण मात्र चांगली असल्यामुळे तीन ठिकाणी कामास आली. उबदार, वस्तीच्या गावात एकट्याचा उत्साह चोवीस वर्षे पुरला. हानले वा डोम ए येथे तो एक हिवाळाही पुरणार नाही. तेथे यंत्रे घडविणारे, दूरवरून ती चालविणारे आणि पुढच्या पिढीस हे ज्ञान सोपविणारे मनुष्यबळ विद्यापीठांनाच तयार करावे लागते. हवा निसर्ग देतो; सातत्य माणसांनी द्यावयाचे असते.