बाबांची गोळी, ब्रूनोची गोळी

रात्रीचे अकरा वाजले होते. आमचा बारा वर्षांचा लॅब्राडोर ब्रूनो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. संधिवात आहे हे माहीत होतं, पण त्याचं औषध संपलं होतं. घरात बाबांची गुडघेदुखीची गोळी होती, आयबुप्रोफेन. मी ती अर्धी मोडलीही. सुदैवाने आधी डॉक्टरांना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "ती अजिबात देऊ नका. सकाळी घेऊन या."

सकाळी रक्त तपासून त्यांनी कार्प्रोफेन लिहून दिलं. त्याच्याबद्दल वाचायला बसले आणि चक्रावले. हे औषधही मुळात माणसांसाठीच होतं!

गोष्ट १९७१ पासून सुरू करता येते. जॉन वेन यांनी दाखवून दिलं की अ‍ॅस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही. या कामासाठी त्यांना १९८२ मध्ये नोबेल मिळालं. प्रोस्टाग्लँडिनमुळे सांधा सुजतो आणि दुखतो. पण तेच जठराचं अस्तर जपतं आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा राखतं. म्हणून दुखणं थांबवताना पोटाला किती धक्का बसेल, हा प्रश्न या जातीच्या प्रत्येक औषधाला चिकटलेला आहे. आणि त्याचं उत्तर प्रत्येक प्राण्यात वेगळं येतं. बाबा पचवतात ती आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण करू शकते, मूत्रपिंडं निकामी करू शकते.

कार्प्रोफेन १९८० च्या दशकात माणसांना दिलं जात होतं. पुढे व्यावसायिक कारणांनी ते मागे घेतलं गेलं. मग कुत्र्यांवर रीतसर चाचण्या होऊन १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली आणि फायझरने ते 'रिमाडिल' नावाने बाजारात आणलं. कितीतरी म्हातारे कुत्रे पुन्हा जिने चढू लागले. पण काहींच्या यकृताला इजा झाली, काही दगावले. मालकांनी तक्रारी केल्या, आणि मग धोक्याच्या खुणा सांगणारं माहितीपत्रक औषधासोबत मालकांच्या हातात येऊ लागलं.

चाचणीशिवाय उडी मारली तर काय होतं, हे आपल्याच देशात दिसलं. डायक्लोफेनॅक हे माणसांचं औषध स्वस्त म्हणून गाई-म्हशींना टोचलं जाऊ लागलं. गाईला ते चालायचं. पण औषध दिलेलं जनावर मेलं, की त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडायची. हे कारण उघड झालं २००४ मध्ये. भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी घातली, पण तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली होती. पर्याय म्हणून पुढे आलं मेलॉक्सिकॅम. ते गिधाडांवर तपासून घेतलं होतं. कुत्र्यांच्या संधिवातावरही तेच वापरतात.

'हे औषध सुरक्षित आहे का?' हा प्रश्न मला आता अर्धवट वाटतो. कुणासाठी, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

ब्रूनो आता सावकाश का होईना, तिसरा मजला चढतो. यकृत आणि मूत्रपिंडांसाठी त्याचं रक्त ठरावीक दिवसांनी तपासतो. बाबांच्या गोळ्या वरच्या कप्प्यात गेल्या आहेत. त्या रात्री मोडलेली अर्धी गोळी मात्र मी अजून फेकलेली नाही.