चरांची त्वचा आणि कडांचा बंदोबस्त

उड्डाण करणाऱ्या प्रवासी विमानाला हवेचा जो विरोध सोसावा लागतो, त्याचा जवळजवळ निम्मा वाटा पृष्ठभागाच्या घर्षणाचा असल्यामुळे, ते घर्षण पृष्ठभाग अधिकाधिक गुळगुळीत केल्यानेच घटेल, अशी अभियंत्यांची दीर्घकाळ श्रद्धा होती. परंतु 1970च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नासाच्या लँगली केंद्रात मायकेल वॉल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की, प्रवाहाच्या दिशेने कोरलेले सूक्ष्म चर अनुकूल परिस्थितीत हे घर्षण सुमारे 8 टक्क्यांपर्यंत कमी करतात. थ्रीएम कंपनीची अशी चरयुक्त फिल्म लावलेल्या ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या नौकेने 1987 साली फ्रीमँटल येथे अमेरिका चषक जिंकला; आणि 1989 साली एअरबस ए-320 विमानाचा सुमारे 70 टक्के पृष्ठभाग अशाच फिल्मने आच्छादून चाचण्या घेण्यात आल्या.

प्रयोगातील यश आणि नित्याच्या वाहतुकीतील अंमल यांच्यामध्ये मात्र फिल्मच्या कडा उभ्या होत्या. कारण फिल्म जेथे संपते तेथे तिच्या जाडीची पायरी उरते, त्या पायरीशी धूळ व तेलकट मळ साचतो, आणि तो चिकटद्रव्याखाली शिरला की वेगवान हवा कड उचलू लागते. म्हणून कोपरे गोलाकार कापावयाचे व कडेवर रोधक लेप देऊन सांधा बुजवावयाचा, अशी तजवीज करावी लागते. तट कितीही भक्कम असला तरी पहारा दिंडीदरवाजाशीच हवा.

2022 साली ‘स्विस’ विमानकंपनीच्या बोइंग 777 विमानांवर ‘एरोशार्क’ ही चरयुक्त फिल्म नित्यसेवेत आली, तेव्हा इंधनाची अपेक्षित बचत सुमारे 1 टक्काच होती. एवढ्या अल्प नफ्यात, कडांच्या वारंवार दुरुस्तीचा खर्च हिशेब सहज बुडवू शकतो.